अठरा तास आणि अठरा रविवार



ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मृतीत भरते आणि आजचा विषयही स्मृतीचाच आहे. वर्षभर वाचलेले, घोकलेले, रंगीत पेनांनी रंगवलेले सगळे परीक्षेच्या खोलीत नेमके कुठे जाते? प्रश्नपत्रिका हातात पडली की ‘हे वाचलं होतं बाप्पा, पानाच्या डाव्या बाजूला होतं’ एवढेच आठवते, आणि त्या डाव्या बाजूला काय लिहिले होते ते आठवत नाही. असे का होते?

उत्तराआधी एक छोटी परीक्षा. घाबरू नका, गुण नाहीत. आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात किंवा पर्समध्ये वीस रुपयांची नोट असेल. ती बाहेर काढू नका. फक्त सांगा, त्या हिरवट पिवळ्या नव्या नोटेच्या मागच्या बाजूला कसले चित्र आहे?

लाल किल्ला? तो पाचशेवर. सांची? ती दोनशेवर. रथाचे चाक? ते कोणार्कचे, दहाच्या नोटेवर. आता काढा नोट आणि बघा. वेरूळची लेणी आहेत. आपल्याच महाराष्ट्रातली. भाजीवाल्याकडे, ऑटोवाल्याकडे, चहाच्या टपरीवर ही नोट शेकडो वेळा हातातून गेली असेल. समोर आली तर कुणीही तिला दहाची किंवा पन्नासची म्हणणार नाही. म्हणजे ती ओळखीची पक्की आहे. पण न बघता सांगा म्हटले की हात डोक्यावर जातो. अमेरिकेत १९७९ साली निकरसन आणि अॅडम्स या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना त्यांच्याच एका सेंटच्या नाण्याचे चित्र काढायला सांगितले होते. आयुष्यभर वापरलेले नाणे, पण बहुतेकांना ते धड काढता आले नाही.

ओळखणे वेगळे आणि आठवणे वेगळे. आजच्या व्याख्यानाचा पहिला मुद्दा एवढाच आहे आणि खरे तर बाकीचे सगळे त्यातूनच निघते.

आता दहावीची एखादी मुलगी डोळ्यांसमोर आणा. विज्ञानाचे पुस्तक उघडे, धडा ‘प्रकाशाचे अपवर्तन’. हातात पिवळा हायलायटर. पहिल्या वाचनात व्याख्या रंगली, दुसऱ्या वाचनात नियम रंगले, तिसऱ्या वाचनापर्यंत पान हळदीच्या कार्यक्रमातून आल्यासारखे दिसू लागले. चौथ्यांदा वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते. डोळे भराभर सरकतात. ती पुस्तक मिटते आणि आईला सांगते, ‘झाला धडा.’ खोटे बोलत नाही ती. तिला खरेच तसे वाटते. वीसच्या नोटेबद्दल आपल्यालाही दोन मिनिटांपूर्वीपर्यंत तसेच वाटत होते.

परीक्षा मात्र ओळख विचारत नाही. परीक्षा कोरा कागद देते आणि म्हणते, काढ बाहेर. वर्षभर आत भरण्याचा सराव केला, बाहेर काढण्याचा सराव कधी केलाच नाही. पोहायला शिकणाऱ्याने वर्षभर काठावर बसून दुसऱ्यांचे पोहणे पाहिले आणि मार्चमध्ये विहिरीत उडी मारली, असा हा प्रकार आहे.

बाहेर काढण्याच्या सरावाने किती फरक पडतो? २००६ साली अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या दोघांनी एक साधा प्रयोग केला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने चार बैठकांत तो पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकाच बैठकीत वाचला आणि पुढच्या तीन बैठकांत उतारा बाजूला ठेवून कोऱ्या कागदावर आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१ टक्के. झाले, घोकणारे जिंकले! पण हीच परीक्षा एका आठवड्याने घेतली तेव्हा चार बैठका वाचणारे ४० टक्क्यांवर आले होते आणि आठवून लिहिणारे ६१ टक्क्यांवर टिकून होते.

या आकड्यांत आपल्या साऱ्या गैरसमजाचे मूळ आहे. पाच मिनिटांनी घोकंपट्टी जिंकते, म्हणून तर ती इतकी लोकप्रिय आहे. रात्री रट्टा मारला आणि सकाळी पेपर दिला तर ती थोडीफार साथही देते. फसवते ती पुढे: सहामाहीचे वार्षिकला आठवत नाही, दहावीचे अकरावीला आठवत नाही. आणि आठवून लिहिणाऱ्याला त्या क्षणी काय वाटते? आपल्याला काहीच येत नाही असे वाटते. अर्धा कागद कोरा राहतो, चिडचिड होते. मग तो हा मार्ग सोडून देतो आणि पुन्हा पिवळ्या पानांकडे वळतो, कारण तिथे बरे वाटते. याच कार्पिक यांनी नंतर, २००९ साली, १७७ विद्यार्थ्यांना विचारले, तुम्ही अभ्यास कसा करता? ८४ टक्के म्हणाले, पुन्हा वाचतो. स्वतःची परीक्षा घेतो म्हणणारे निघाले ११ टक्के. ही सगळी नावाजलेल्या विद्यापीठात शिकणारी मुले होती, तेव्हा आपल्या बुटीबोरीच्या पोरांनी फार वाईट वाटून घ्यायचे कारण नाही.

इथे कुणी म्हणेल, म्हणजे पाठांतर वाईटच? नाही. पाठांतराला शिव्या देण्याची हल्ली फॅशन झाली आहे, तिच्यात सामील होण्याचे कारण नाही. सभागृहातल्या ज्येष्ठांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आठवत असेल. ती पिढी पाव किलोचा भाव मोबाइल न काढता सांगते. संयुजा, सूत्रे, पाढे, इंग्रजी क्रियापदांची रूपे हे तोंडपाठच हवे. आणि आपल्या परंपरेतले खरे पाठांतरवाले साध्या घोकंपट्टीवर कधी विसंबले नाहीत. वेदपाठी ब्राह्मणांचा घनपाठ घ्या. दोन शब्द सुलट, तेच उलट, मग तीन शब्द सुलट, तीन उलट, पुन्हा सुलट, आणि मग एक शब्द पुढे सरकून तेच सगळे. एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन. गाडी रुळावरून आपोआप धावू नये, प्रत्येक शब्द जागेपणी उचलावा लागावा, अशी ही व्यवस्था. तरीही निरुक्तकार यास्काला एवढे पुरेसे वाटले नाही. वेद पाठ आहे पण अर्थ कळत नाही, अशा माणसाला त्याने नुसत्या ओझे वाहणाऱ्या खांबाची जागा दिली. दप्तराच्या ओझ्याची चर्चा आपल्याकडे किती जुनी आहे, बघा!

दुसरा मुद्दा वेळेचा. किती तास अभ्यास केला, हा आपल्या घरातला आवडता प्रश्न. तास किती यापेक्षा ते कसे पसरले आहेत, हे आपण विचारत नाही.

१४ एप्रिलच्या सुमारास महाराष्ट्रात ठिकठिकाणच्या शाळा, महाविद्यालये आणि वाचनालयांत सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. बाबासाहेब अठरा अठरा तास वाचत, म्हणून एक दिवस आपणही बसायचे. अभिवादन म्हणून त्यात मोठेपण आहे. ज्यांच्या आजोबांना शाळेच्या दाराबाहेर बसवले, त्यांच्या नातवंडांनी दिवसभर पुस्तकासमोर बसणे ही काही लहान गोष्ट नव्हे, आणि नागपूर जिल्ह्यात तरी हे कुणाला समजावून सांगायला नको. पण पद्धत म्हणून बाबासाहेबांकडून शिकायचे, तर त्यांच्या एका दिवसाऐवजी त्यांची दहा वर्षे पाहावी लागतात. १९१३ साली ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ साली लंडनला आले. १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. स्वतंत्रपणे पाठवलेले त्यांचे सामान, त्यात पुस्तकेही होती, ज्या जहाजात होते ते पाणतीराने बुडाले. मग १९१८ ते १९२० मुंबईच्या सिडनेहॅम महाविद्यालयात त्यांनी अर्थशास्त्र शिकवले, पैसे साठवले, पुन्हा लंडन गाठले आणि १९२३ साली डी.एस्सी. मिळवली. म्हणजे वाचले, तुटले, मध्ये तोच विषय दुसऱ्यांना शिकवला आणि पुन्हा त्याच विषयाकडे परतले. हे खंड त्यांनी निवडले नव्हते, ते गरिबीने आणि युद्धाने लादले होते. पण प्रत्येक खंडानंतर ते परत आले, हे महत्त्वाचे.

आता दुसरे अठरा. इथून वर्ध्याच्या रस्त्याने निघालात तर तासाभराच्या आसपास धाम नदीकाठी पवनार लागते. तिथल्या विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांसमोर गीतेवर प्रवचने दिली. अठरा अध्याय, अठरा रविवार. २१ फेब्रुवारीला सुरुवात, १९ जूनला शेवट. साने गुरुजी समोर बसून लिहून घेत होते, त्यातूनच ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झाले. तुरुंगात वेळेला काय तोटा? रोज एक अध्याय घेऊन अठरा दिवसांत आटोपता आले असते. पण आठवड्याला एक असा क्रम पडला. ऐकणाऱ्याला सहा दिवस मिळाले: रविवारी ऐकलेले सोमवारी आठवायचे, काम करता करता शेजारच्या कैद्याशी बोलायचे, थोडे विसरायचे आणि पुढच्या रविवारी धागा पुन्हा पकडायचा. विनोबांनी हे स्मरणशास्त्र वाचून ठरवले, असा दावा इथे नाही. पण फळ तेच मिळते.

कारण विसरणे कसे चालते, हे १८८५ सालीच मोजले गेले आहे. हेर्मान एबिंगहाउस हा जर्मन माणूस स्वतःच प्रयोग करणारा आणि स्वतःच प्रयोगातला उंदीर. अर्थ नसलेली हजारो अक्षरे बनवली, त्यांच्या याद्या पाठ केल्या आणि तीच यादी ठरावीक काळाने पुन्हा पाठ करायला किती कमी मेहनत पडते ते मोजले. वीस मिनिटांनी जेमतेम ५८ टक्के मेहनत वाचली. एका दिवसाने एकतृतीयांशच्या आसपास. पण महिन्याने? सुमारे २१ टक्के. म्हणजे मोठी गळती पहिल्या दिवसातच होते आणि मग तिचा वेग मंदावतो. वेळेवर, थोडे विसरल्यावर, पुन्हा आठवले की गळतीचा वेग प्रत्येक वेळी आणखी कमी होतो.

आपल्या भाषेत यासाठी सुंदर शब्द आहे, उजळणी. तांब्याचा बंब दिवाळीला एकदाच अठरा तास घासून वर्षभर लख्ख राहत नाही. दर काही दिवसांनी चिंच लावून हात फिरवावा लागतो, आणि दर वेळी कमी घासावे लागते. शाळेत मात्र उजळणी म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतला एक तास, ज्यात शिक्षक भरभर फळ्यावर लिहितात आणि मुले भरभर उतरवून घेतात. ती उजळणी शिक्षकाची होते.

याला घरगुती यंत्र आहे आणि ते फुकट आहे. १९७२ साली सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकाने आपल्या पुस्तकात एका खोक्याची युक्ती सांगितली. आपण ती आपल्या पद्धतीने करू. चपलांचा रिकामा खोका घ्या. पुठ्ठ्याचे तुकडे लावून त्यात पाच कप्पे पाडा. घरात जुन्या लग्नपत्रिका पडलेल्या असतातच, त्यांच्या कोऱ्या बाजूंच्या पत्त्यांएवढ्या चिठ्ठ्या कापा. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. ‘दवबिंदू तापमान म्हणजे काय?’ ‘अंकगणिती श्रेढीचे n वे पद कसे काढतात?’ सगळ्या चिठ्ठ्या पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा दोन दिवसांनी, तिसरा चार दिवसांनी, चौथा आठवड्याने, पाचवा पंधरवड्याने. चिठ्ठी उचलायची, उत्तर तोंडाने म्हणायचे किंवा लिहायचे, मगच उलटायची. बरोबर आले तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात. चुकले तर ती कुठल्याही कप्प्यात असो, परत पहिल्यात. एवढेच. पोरांना हा साप-शिडीचा खेळ लगेच कळतो. पालकांना एक विनंती: चिठ्ठ्या तुम्ही बनवून देऊ नका आणि बाजारातून तयार आणू नका. कुठला प्रश्न करायचा, हे ठरवतानाच निम्मा अभ्यास होतो. आणि उलटण्याआधी उत्तर म्हणायचे, ही अट पाळली नाही तर खोका आणि हायलायटर यात काही फरक उरत नाही.

या गावात या पद्धतीचा आणखी एक फायदा आहे, त्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. सलग सहा तास शांततेत अभ्यास ही ज्याच्या घरात वेगळी खोली आहे त्याची चैन आहे. एमआयडीसीत तीन पाळ्या चालतात. वडील रात्रपाळी करून सकाळी झोपलेले, एका खोलीचे बिऱ्हाड, भिंतीपलीकडे टीव्ही. अशा घरातल्या मुलाला ‘मनापासून सहा तास बस’ सांगणे म्हणजे त्याची थट्टाच. पण वीस मिनिटांच्या चिठ्ठ्या जिन्यात बसूनही होतात, बसस्टॉपवरही होतात. अभ्यासाचे तुकडे पडतात म्हणून जो मुलगा वाईट वाटून घेतो, त्याने तुकडेच नीट लावले तर तो मागे राहत नाही.

इथवर दोन गोष्टी झाल्या. पुस्तक मिटून आठवा, आणि ते आठवणे अंतराअंतराने करा. तिसरी गोष्ट गणिताची आहे आणि ती तुमच्या दप्तरात आत्ता या क्षणी आहे.

बालभारतीचे गणिताचे पुस्तक उघडा. प्रत्येक उपघटकानंतर ‘सरावसंच’ असतो. त्यात सगळी गणिते एकाच जातीची. पहिले सुटले की उरलेली हात आपोआप सोडवतो. प्रकरणाच्या शेवटी मात्र ‘संकीर्ण प्रश्नसंग्रह’ असतो. त्यात जाती मिसळलेल्या असतात. कुठले सूत्र लावायचे, हे गणित सांगत नाही, तुम्हाला ओळखावे लागते. आता खरे सांगा, किती जण तो पूर्ण सोडवतात? वेळ कमी पडला की शिक्षकही पहिल्यांदा तोच सोडतात. क्लासमध्ये तर सोडतातच.

२००७ साली दक्षिण फ्लोरिडा विद्यापीठात डग रोरर आणि केली टेलर यांनी विद्यार्थ्यांना चार विचित्र आकारांचे घनफळ काढायला शिकवले. एका गटाला एकेका आकाराची गणिते सलग दिली, दुसऱ्याला सगळ्या आकारांची मिसळून. सराव करताना सलगवाल्यांची ८९ टक्के गणिते बरोबर आली, मिसळवाल्यांची ६० टक्के. आठवड्याने परीक्षा घेतली: सलगवाले २० टक्के, मिसळवाले ६३ टक्के. आकडे पुन्हा तोच खेळ खेळतात, बघितलेत? सराव करताना जे गुळगुळीत वाटते ते टिकत नाही, जे खडबडीत वाटते ते टिकते. सलगवाल्यांना सूत्र वापरता येत होते. कोणते सूत्र कुठे वापरायचे हे मात्र त्यांनी कधी ठरवलेच नव्हते, कारण सरावसंचाच्या मथळ्याने ते आधीच ठरवून दिले होते.

उपाय सोपा आहे. रोज जुन्या तीन प्रकरणांतले एकेक गणित चिठ्ठी टाकून निवडा. प्रकरणाचे नाव झाका. दहा मिनिटांचे काम. गणिताला मिसळ मानवते, आणि मिसळ खायला नागपूरकरांना कुणी शिकवायला नको. फक्त तर्री झोंबली म्हणून ताट सरकवायचे नाही.

गणिताचाच विषय निघाला आहे, तर एका फळ्याची गोष्ट. जयंत नारळीकर बनारसमध्ये वाढले. वडील हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक, आणि घरात भिंतीवर फळा. शिकण्यासाठी घरी राहिलेले मोरूमामा त्या फळ्यावर जयंतसाठी आव्हान म्हणून एखादे कोडे किंवा गणित लिहून ठेवत. ते सुटेपर्यंत पुसायचे नाही. जाता येता ते दिसायचे. मामा उत्तर सांगायचे नाहीत. याच मुलाने पुढे केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिले स्थान पटकावले. फळ्यामुळे नारळीकर होतात, असे कुणी म्हणणार नाही. पण एक गणित तीन दिवस डोक्यात ठेवायची मुभा आपल्या मुलांना मिळते का? अडले की दोन मिनिटांत गाइड उघडते, किंवा मोबाइलवर उत्तर येते. उत्तर वाचताना सगळे समजते. पुन्हा वीसची नोट!

आता चौथा मुद्दा, आणि तो जरा अवघड आहे. मुले घोकतात ती आळशी असतात म्हणून का? बहुतेक वेळा नाही. समजले नाही, पण लिहायचे तर आहे, मग दुसरा मार्ग काय? घोकंपट्टी हा न समजलेल्या भाषेवरचा उतारा आहे. मुंबईत १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या ग्रामीण शाळांत काम केले, तेव्हा हीच गोष्ट पुढे आली. मुलांना अडवत होती ती विज्ञानाइतकीच पाठ्यपुस्तकाची भाषाही. घरात पहिल्यांदाच कुणी शिकत असेल, तर पुस्तकी मराठीही त्याला परकी असते. त्यांनी तोच मजकूर सोप्या भाषेत लिहून पाहिला आणि त्याचा उपयोग झाला.

बुटीबोरीत हा पेच दुहेरी आहे. कुठल्या घरात वऱ्हाडी, कुठल्या घरात भोजपुरी, कुठे छत्तीसगढी. शाळा मराठी, त्यात सेमी-इंग्रजीचा वर्ग. ‘रिफ्रॅक्शन’ची इंग्रजी व्याख्या मुलगी धडाधड म्हणते. तिला विचारा, पाण्याच्या बादलीतला पेला वर आल्यासारखा का दिसतो, तर ती गप्प. तिला हे ठाऊक नाही असे नाही, रोज बघते. पण त्या बादलीचा आणि त्या व्याख्येचा संबंध कुणी लावला नाही.

संबंध लावण्याचा सगळ्यात मोठा प्रयोग आपल्या शेजारीच झाला. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. झाकीर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम आखला आणि नयी तालीम जन्माला आली. हातात टकळी, आणि टकळीतून सगळे: सूत मोजताना गणित, कापूस कुठे पिकतो यातून भूगोल, मँचेस्टरच्या गिरण्यांतून इतिहास. विनोबांनी त्याला समवाय म्हटले. पुढे तो प्रयोग देशभर का विरला, याची कारणे अनेक आहेत. सरकारी शाळांत टकळी हाच एक विषय झाला आणि समवाय फायलीत राहिला, हे त्यातले एक. काही शिक्षकांनी तर ओढूनताणून प्रत्येक धडा सुतात गुंफला, त्यातही मजा उरली नाही. पण सेवाग्रामच्या आवारात २००५ साली आनंद निकेतन शाळा पुन्हा उभी राहिली. तिथली मुले शेतात, स्वयंपाकघरात, कापसावर काम करतात आणि त्यातूनच मोजमाप आणि विज्ञान शिकतात. सहल काढायची असेल तर वॉटर पार्कच्या आधी तिथे काढा.

मग बुटीबोरीची टकळी कोणती? ती याच गावात दिवसरात्र फिरते आहे. दहावीच्या पुस्तकात ‘कार्बनी संयुगे’ हा धडा आहे. त्यात बहुवारिक आणि एकवारिक हे दोन शब्द येतात, आणि ते मुले हमखास घोकतात. इथल्या एमआयडीसीत पॉलिएस्टरचा धागा बनतो. टेरेफ्थॅलिक आम्ल आणि एथिलीन ग्लायकॉल यांचे रेणू आगगाडीच्या डब्यांसारखे एकमेकांना जोडले जातात, जोडताना पाणी बाहेर पडते आणि लांबच लांब साखळी तयार होते. मग साधारण २६० अंश सेल्सिअसला ते वितळते, बारीक भोकांतून खाली ओघळते, हवेने थंड होते आणि बॉबिनवर गुंडाळले जाते. या सभागृहात बसलेल्या कितीतरी पालकांच्या हातांना या बॉबिनचे वजन ठाऊक आहे. पोराने संध्याकाळी विचारावे, ‘बाबा, तुमच्याकडे धागा तुटला तर काय करता? ओलावा राहिला तर काय होतं?’ बाबा जे सांगतील ते पुस्तकात नाही. आणि मग त्याने आजोबांच्या शेतातल्या कापसाचे बोंड हातात घ्यावे. त्यातला सेल्युलोजही बहुवारिकच. तिथे डबे ग्लुकोजचे. एक साखळी झाडाने बनवली, एक बापाने. हे पोर ‘बहुवारिक म्हणजे काय’ हे आयुष्यात कधी विसरेल का?

आता शिक्षकांसाठी दोन शब्द. आठवड्यातून एकदा तासाच्या सुरुवातीची पाच मिनिटे कोऱ्या कागदाला द्या. मागच्या आठवड्यातला विषय, पुस्तक बंद, वही बंद. कागद गोळा करू नका, तपासू नका, गुण देऊ नका. १९३९ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात स्पिट्झर नावाच्या संशोधकाने सहावीच्या ३,६०५ मुलांवर पाहिले आहे, वाचल्यानंतर लवकर आठवून पाहणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिले. चाचणी ही शिक्षा वाटू लागली की मुले कॉपी करतात. तोच सराव वाटला तर कॉपी करून फायदा कुणाचा? बोर्डाच्या परीक्षेत पेपरफुटीच्या बातम्या दरवर्षी येतात, त्या वाचताना हेही डोक्यात ठेवायला हरकत नाही.

आणि अभ्यासिकेत बसणाऱ्या मोठ्या मुलांसाठी. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी. दिवसाला बारा तास खुर्ची सोडत नाही, असे तुम्ही अभिमानाने सांगता. एक प्रयोग करून पाहा. रोज रात्री नऊ वाजता शेजारच्या खुर्चीवरच्या मित्राला चहाला न्या आणि टपरीवर उभ्या उभ्या आज वाचलेले दहा मिनिटांत समजावून सांगा. पुस्तक वर राहू द्या. जिथे ‘म्हणजे ते असं असतं ना...’ असे शब्द तोंडात आले, तिथे तुमची भोके आहेत. परत वर जाऊन फक्त तेवढेच वाचा. दुसऱ्या दिवशी मित्राची पाळी. चहाचे पैसे चुकणाऱ्याने द्यायचे.

वेळ संपत आली. अध्यक्ष घड्याळाकडे पाहत आहेत, तो इशारा ओळखीचा आहे आणि तो पुस्तक न उघडताही आठवतो. दाराशी कार्यकर्ते उभे आहेत, त्यांच्या हातात अर्ध्या पानाचे कोरे कागद आहेत. बाहेर मंडपात बसा आणि या तासाभरात ऐकलेले आठवेल तेवढे लिहा. शेजाऱ्याच्या कागदात डोकावू नका. लिहून झाले की कागद घडी करून घरी न्या, कुणालाही देऊ नका. पुढच्या रविवारी सकाळी चहाच्या वेळी दुसरा कागद घ्या, पुन्हा लिहा आणि मग पहिला उघडून पाहा. वीसच्या नोटेमागे काय होते, तेही लिहा. पेन्सिली मोजक्याच आहेत; एकाचे झाले की पुढच्याला द्या.